आज्ञा एका पानावर, आकडे दुसरीकडे : दिल्लीतील युनिक्स आणि उपकरण-फाइलींचे दस्तऐवज

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत जन्माला आली, आणि तिच्या फाइलव्यवस्थेतील सर्वांत आगळी गोष्ट म्हणून केन थॉम्पसन व डेनिस रिची या तिच्या कर्त्यांनी १९७४ च्या आपल्या निबंधात जिचा निर्देश केला, ती म्हणजे ‘विशेष फाइल’. टर्मिनल, डिस्क, चुंबकीय फीत, छपाईयंत्र अशा प्रत्येक उपकरणासाठी ‘डेव्ह’ नावाच्या निर्देशिकेत एक नाव असावे आणि साध्या फाइलीवर जसे वाचन-लेखन करता येते तसेच त्या नावावरही करता यावे, ही त्यामागची कल्पना होय. अशा फाइलीत मजकूर मुळीच नसतो. तिच्या नोंदीत फक्त एक प्रकार आणि दोन आकडे असतात. प्रकार दोन : ज्या उपकरणाशी ठरावीक आकाराच्या खंडांत व्यवहार होतो ते ‘ब्लॉक’, आणि ज्याच्याशी अक्षरांच्या ओघाने होतो ते ‘कॅरेक्टर’. आकड्यांपैकी पहिला, म्हणजे ‘मेजर’ क्रमांक, कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) कोणता ड्रायव्हर त्या उपकरणाचे काम पाहतो हे सांगतो. दुसरा, ‘मायनर’ क्रमांक, त्या ड्रायव्हरच्या हाताखालील नेमके कोणते उपकरण अभिप्रेत आहे हे सांगतो. सातबाऱ्यावर जसे शेताला घरात काय म्हणतात याला महत्त्व नसून गट क्रमांक आणि पोटहिस्सा यांनाच असते, तसे कर्नलच्या दृष्टीने फाइलीचे नाव गौण असून हे दोन आकडेच खरे असतात.

ही फाइल निर्माण करणारी आज्ञा ‘एमकेनोड’ होय. तिला नाव, प्रकाराचे एक अक्षर आणि दोन आकडे दिले की काम झाले. सर्वाधिकारी वापरकर्त्यालाच ती चालवता येते, एवढेच बंधन. आज्ञा इतकी लहान असल्यामुळे तिची पुस्तिकाही अर्ध्या पानात मावते, आणि या लेखाचा विषय असलेली अडचण त्या अर्ध्या पानातच आहे : आज्ञा कशी लिहावी हे पान सांगते, पण कोणते आकडे लिहावेत हे सांगत नाही. त्यातच ‘एमकेनोड’ स्वतः कोणतीही शहानिशा करीत नाही. अस्तित्वात नसलेल्या ड्रायव्हरचा क्रमांक दिला तरी फाइल बिनतक्रार तयार होते, आणि चूक उघडकीला येते ती नंतर, जेव्हा एखादा प्रोग्राम ती फाइल उघडू पाहतो आणि ‘असे उपकरण नाही’ असा निरोप येतो. क्रमांक चुकीचा पण दुसऱ्या एखाद्या उपकरणाचा असेल तर तेवढाही निरोप येत नाही; मग छपाईसाठी पाठवलेला मजकूर डिस्कच्या पृष्ठभागावर लिहिला जाऊ शकतो. ज्या साधनाची चूक इतकी गप्प असते, त्याच्या पुस्तिकेकडून अधिक बोलकेपणाची अपेक्षा करणे रास्तच आहे.

३ नोव्हेंबर १९७१ हा दिनांक असलेल्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेच्या काळात या आज्ञेची गरजच नव्हती, कारण तेव्हा फाइलींच्या नोंदवहीतील पहिल्या ४० नोंदी उपकरणांसाठी राखून ठेवलेल्या असत आणि कोणत्या नोंदीमागे कोणते उपकरण हे प्रणालीतच पक्के केलेले असे. बीएसडी या कॅलिफोर्नियातील शाखेच्या पुस्तिकांतील इतिहासनोंदीनुसार ‘एमकेनोड’ अवतरली ती चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १९७३ मध्ये. त्याच आवृत्तीच्या सुमारास कर्नल ‘सी’ भाषेत नव्याने लिहिला गेला होता आणि ड्रायव्हरांच्या याद्या तक्त्यांत मांडल्या गेल्या होत्या. मेजर क्रमांक म्हणजे त्या-त्या तक्त्यातील ओळीचा क्रमांक, याहून अधिक काही नाही. त्यामुळे १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील पानाने आकड्यांच्या प्रश्नाची बोळवण एका वाक्यात केली : हे क्रमांक प्रत्येक ठिकाणच्या प्रणालीत वेगळे असतात, असे सांगून त्याने वाचकाला कर्नलच्या सोर्स कोडमधील ‘कॉन्फ.सी’ या फाइलीकडे पाठवले. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर. बेल लॅबोरेटरीजमध्ये किंवा अमेरिकेतील विद्यापीठांत तो शेजारच्याच निर्देशिकेत असे, वाचणारा बहुधा तोच कर्नल स्वतः बांधणारा असे, आणि म्हणून त्या वाक्यात उणीव नव्हती. पुस्तिका आणि सोर्स कोड मिळून एकच दस्तऐवज होतो, असे तिच्या लेखकांनी धरले होते. हे गृहीतक युनिक्ससोबत प्रवास करू शकले नाही, आणि ते कोठे तुटले हे पाहण्यासाठी दिल्लीइतके सोयीचे ठिकाण भारतात क्वचितच सापडेल.

विदेशी चलन नियमन कायद्याच्या अटी न मानता आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली, तेव्हा देशी संगणकउद्योगाची पायाभरणी राजधानीत आधीच सुरू झालेली होती. दिल्ली क्लॉथ मिल्सच्या डीसीएम डेटा प्रॉडक्ट्स या विभागातून बाहेर पडलेल्या शिव नाडर, अर्जुन मल्होत्रा, अजय चौधरी आदी तरुण अभियंत्यांनी १९७६ मध्ये हिंदुस्तान कॉम्प्युटर्स, म्हणजे एचसीएल, ही कंपनी उभी केली, आणि तिचा कारभार पुढे नोएडात विस्तारला. त्याच वर्षी शासकीय संगणकीकरणासाठी राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, स्थापन झाले. १९८१ मध्ये राजेंद्र पवार आणि विजय थडानी यांनी दिल्लीत एनआयआयटी ही शिक्षणसंस्था काढली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल केली, आणि एचसीएलच्या ‘होरायझन’ व ‘मॅग्नम’ यांसारख्या अनेक-वापरकर्ता यंत्रांवर युनिक्स चालू लागले. एक मध्यवर्ती यंत्र आणि त्याला तारांनी जोडलेली पडदा-कळफलकवाली टर्मिनले, ही मांडणी कार्यालयांना परवडणारी होती. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८४ च्या अहवालाने बँकांच्या संगणकीकरणाला वाट करून दिली आणि पुढील दशकात शाखाशाखांत अशी यंत्रे पोचली.

परंतु या यंत्रांबरोबर जे युनिक्स आले, ते बेल लॅबोरेटरीजची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीच्या परवान्याखालचे होते, आणि खरेदीदाराच्या वाट्याला सामान्यतः बायनरी परवाना येई, म्हणजे चालवण्याजोगा तयार प्रोग्राम मिळे, त्याचा सोर्स कोड मिळत नसे. येथे पुस्तिकेतील ते एक वाक्य निकामी झाले. ज्या फाइलीत आकडे पाहावेत असे तिने सुचवले होते, ती फाइल यंत्रावर नव्हतीच. सिस्टिम फाइव्ह या १९८३ पासूनच्या व्यापारी आवृत्तीच्या पानात नामांकित पाइप बनवण्यासाठी ‘पी’ हे अक्षरही होते (दोन प्रोग्रामांमधील मजकूर ज्या फाइलीतून वाहून जातो ती ही पाइप), पण आकड्यांबाबत पुरेसा नवा दुवा नव्हता. ज्याला यंत्र उभे करायचे आहे त्याच्यासमोर उत्पादकाचे हस्तपुस्तक तेवढे उरले, आणि ते नसल्यास चालू असलेल्या दुसऱ्या यंत्रावर ‘डेव्ह’ निर्देशिकेची विस्तृत यादी काढणे. त्या यादीत साध्या फाइलींपुढे जेथे आकारमान छापले जाते, तेथे उपकरण-फाइलींपुढे मेजर आणि मायनर हे दोन आकडे छापले जातात. दस्तऐवज नसताना चालते यंत्र हाच दस्तऐवज ठरतो, ही रीत युनिक्सच्या कामात फार खोलवर रुजली, आणि तिचे मूळ व्यक्तींच्या आळसात शोधण्यापेक्षा परवान्याच्या अटींत शोधणे न्याय्य होईल.

पुस्तके मात्र दिल्लीतच छापली जात होती, हा या इतिहासातील विशेष. दर्यागंजमधील अन्सारी रोड, कॅनॉट प्लेस आणि पटेलनगर या भागांतील प्रकाशकांनी भारतीय वाचकाला युनिक्स दिले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. प्रेंटिस-हॉल ऑफ इंडियाच्या ‘ईस्टर्न इकॉनॉमी एडिशन’ या स्वस्त मालेत कर्निहन आणि पाइक यांचे १९८४ चे युनिक्सवरील पुस्तक, मॉरिस बाख यांचा १९८६ चा कर्नलरचनेवरील ग्रंथ आणि अँड्र्यू टॅनेनबाम यांचे १९८७ चे मिनिक्सवरील पुस्तक ही सर्व उपलब्ध झाली. बीपीबी या दिल्लीच्याच प्रकाशनाने नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे युनिक्स शेल प्रोग्रामिंगवरील पुस्तक काढले, आणि मराठी मुलखातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेल्या एका पिढीची युनिक्सशी ओळख दिल्लीच्या छापखान्यातून आलेल्या पानांनी झाली. यांपैकी बाख यांचा ग्रंथ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा होय. कर्नलमध्ये ब्लॉक उपकरणांसाठी एक आणि कॅरेक्टर उपकरणांसाठी एक असे दोन तक्ते असतात, मेजर क्रमांक त्या-त्या तक्त्यातील ओळीकडे नेतो, आणि म्हणून एकच मेजर क्रमांक दोन्ही प्रकारांत वेगवेगळ्या ड्रायव्हरांचा असू शकतो, हे ज्या स्पष्टतेने तेथे उलगडले आहे तसे कोणत्याही उत्पादकाच्या पुस्तिकेत नव्हते. ब्लॉकचे ‘बी’ आणि कॅरेक्टरचे ‘सी’ या अक्षरांची अदलाबदल इतकी महाग का पडते, याचे कारण वाचकाला प्रथम तेथेच कळे. तरीही तो ग्रंथ तत्त्व सांगत होता. समोरच्या यंत्रातील तक्त्याच्या कोणत्या ओळीत काय आहे, हे सांगणे कोणत्याही ग्रंथाच्या आवाक्याबाहेरचे होते.

याच काळात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या सोर्स कोडवर लिहिलेले भाष्य जगभर झेरॉक्स प्रतींच्या रूपाने फिरत होते, कारण सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात सोर्स कोड शिकवण्यास मनाई केल्यावर त्याचे उघड प्रकाशन थांबले आणि ते १९९६ मध्ये पुस्तकरूपाने छापले जाईपर्यंत थांबलेलेच राहिले. टॅनेनबाम यांनी मिनिक्स ही स्वतंत्र प्रणाली लिहिली तीही त्याच मनाईमुळे, आणि तिचा सोर्स कोड त्यांच्या पुस्तकाच्या अखेरीस छापलेला होता. दस्तऐवजाचा प्रश्न हा लेखनशैलीचा प्रश्न नसून मूळ मजकूर कोणाच्या हाती आहे याचा प्रश्न आहे, हे या दोन उदाहरणांवरून पुरेसे स्पष्ट होते.

मायनर क्रमांकाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि प्रत्यक्ष कामात त्रास देणारा तोच होता. मेजर क्रमांकाचा अर्थ निदान एकच असतो. मायनर क्रमांकाचा अर्थ प्रत्येक ड्रायव्हर आपल्यापुरता ठरवतो. डिस्कच्या बाबतीत तो कोणती डिस्क आणि तिचा कोणता भाग हे सांगतो. फितीच्या बाबतीत त्यातील एखादा बिट काम संपल्यावर फीत आपोआप गुंडाळून आरंभाशी आणायची की नाही हे ठरवतो. लिनक्स या पुढे आलेल्या, खुल्या सोर्स कोडच्या युनिक्ससदृश प्रणालीत पहिल्या स्कझी फीतयंत्राची गुंडाळणारी फाइल कॅरेक्टर ९, ० अशी असून न गुंडाळणारी ९, १२८ अशी आहे. यंत्र एकच, फीत एकच, फरक फक्त एका बिटाचा. गुंडाळणाऱ्या फाइलीवर लागोपाठ दोन संग्रह लिहिले तर दुसरा पहिल्याला पुसून टाकतो, आणि ही गोष्ट ‘एमकेनोड’च्या पानावर शोधून सापडणारी नाही, कारण ती फीतयंत्राच्या ड्रायव्हरच्या पानावर असते. ज्याला ते दुसरे पान अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, त्याने ते उघडावे तरी कसे?

बँका आणि व्यापारी कार्यालये यांत ज्याचा प्रसार झाला त्या एससीओ कंपनीच्या युनिक्समध्ये हाच प्रश्न टर्मिनलांच्या बाबतीत येई. तेथे एकाच सीरिअल बंदरासाठी दोन नावे असत, शेवटचे अक्षर लहान लिपीतील असेल तर मॉडेमच्या नियंत्रणतारांकडे दुर्लक्ष करणारे आणि मोठ्या लिपीतील असेल तर त्या तारांकडे लक्ष देणारे, आणि हा भेदही मायनर क्रमांकातील एका बिटात साठवलेला असे. साधे टर्मिनल चुकीच्या नावावर जोडले तर पडदा कोराच राही आणि तारेत, टर्मिनलात किंवा यंत्रात कोठेही दोष सापडत नसे. एससीओने आणि तिच्या काळातील इतर सिस्टिम फाइव्ह वंशजांनी यावर एक शहाणा उपाय योजला होता, त्याचे श्रेय त्यांना द्यावे लागेल. ड्रायव्हरांचे मेजर क्रमांक ‘एमडिव्हाइस’ या साध्या मजकुराच्या फाइलीत नोंदवलेले असत, प्रत्येक ड्रायव्हरने आपल्याला हव्या असलेल्या उपकरण-फाइलींची यादी ‘नोड.डी’ निर्देशिकेत ठेवावी असा संकेत होता, आणि ‘आयडीएमकेनोड’ ही दुसरी आज्ञा त्या याद्या वाचून सर्व फाइली स्वतः तयार करी. सोर्स कोड न देताही आकडे वाचनीय ठेवता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. बीएसडीने ४.२ आवृत्तीपासून ‘मेकडेव्ह’ ही लिपी देऊन तोच हेतू साधला. तीत उपकरणाचे नाव दिले की योग्य आकड्यांसह ‘एमकेनोड’ चालवली जाई. परिणामी आकड्यांचे खरे दस्तऐवज पुस्तिकेतून निघून या लिपींत आणि याद्यांत जाऊन बसले, आणि मूळ पान मात्र जसेच्या तसे राहिले.

ते पान कोठे सापडेल याविषयीही एकवाक्यता नव्हती. सातव्या आवृत्तीत आणि सिस्टिम फाइव्हमध्ये ते पुस्तिकेच्या पहिल्या विभागाच्या देखभालविषयक उपविभागात होते, बीएसडीत आठव्या विभागात गेले, लिनक्समध्ये पहिल्या विभागात आले; आणि त्याच नावाचे दुसरे पान दुसऱ्या विभागात आहे, जे आज्ञेविषयी नसून प्रोग्राममधून कर्नलला करायच्या विनंतीविषयी आहे. आज्ञेचा पत्ताही ‘ईटीसी’, ‘एसबिन’, ‘बिन’ असा बदलत गेला. आकडे कोणत्या पद्धतीने वाचले जातात हाही एक फसवा मुद्दा : सिस्टिम फाइव्हची आज्ञा दशमान आणि अष्टमान असे दोन्ही आकडे घेई, जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची आज्ञा षोडशमानही घेते, आणि आरंभी शून्य लावून लिहिलेले ०१० म्हणजे तिच्या लेखी दहा नसून आठ असतात. रकाने सरळ दिसावेत म्हणून शून्य लावणाऱ्या माणसाला हे आधी कळणे आवश्यक होते. युनिक्सच्या निरनिराळ्या शाखांना एका नियमात आणण्यासाठी आखलेल्या पॉझिक्स या मानकाने तर ‘एमकेनोड’ आज्ञेला जागाच दिली नाही, कारण उपकरण-फाइलींचे आकडे एका प्रणालीतून दुसरीत नेण्याजोगे नाहीत. नामांकित पाइपसाठी त्याने ‘एमकेफिफो’ ही वेगळी आज्ञा सांगितली. निर्णय तर्कशुद्ध होता, परंतु त्यामुळे एक जुने आणि सर्वत्र वापरले जाणारे साधन मानकाच्या बाहेर राहिले आणि त्याचे वर्णन करण्याची जबाबदारी कोणाचीच उरली नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने दिल्लीसह मोठ्या शहरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १९९६ मध्ये, ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. हे मासिक सायबरमीडिया या, दिल्लीत १९८२ मध्ये प्रदीप गुप्ता यांनी सुरू केलेल्या आणि पुढे गुरुग्रामला स्थिरावलेल्या, संस्थेचे होते. आणि या सीडींच्या उपक्रमामागे अतुल चिटणीस हे होते, ज्यांचा जन्म १९६२ मध्ये बर्लिनला झाला, अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये झाले आणि कार्यक्षेत्र बेंगळुरू राहिले. डायल-अप जोडणीवरून पाचशे-सहाशे मेगाबाइट उतरवून घेणे अशक्यप्राय असलेल्या काळात मासिकाच्या किमतीत मिळालेल्या या तबकडीने संपूर्ण प्रणाली, तिचा सोर्स कोड आणि ‘हाउ-टू’ या नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शक टिपणे एकदमच वाचकाच्या घरी पोचवली. सतरा वर्षांपूर्वी सातव्या आवृत्तीच्या पानाने ज्या प्रकारच्या मूळ मजकुराकडे बोट दाखवले होते, तसा मजकूर चालत्या प्रणालीसह सामान्य भारतीय वाचकाच्या टेबलावर आला. या एका गोष्टीसाठी चिटणीस यांचे नाव भारतीय संगणनाच्या इतिहासात नोंदले जाणे अगत्याचे आहे. त्यांचे निधन ३ जून २०१३ रोजी झाले. दिल्लीतूनच ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या जुन्या मासिकाच्या संस्थेने २००३ मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ हे स्वतंत्र मासिक सुरू केले आणि ही परंपरा पुढे नेली.

लिनक्सने आकड्यांचा प्रश्न उघडपणे हाताळला. कर्नलच्या सोर्स कोडसोबतच उपकरणक्रमांकांची एक अधिकृत यादी असे, जिची निगा दीर्घकाळ पीटर अँविन यांनी राखली. तीत ‘नल’ या, जे लिहाल ते गिळून टाकणाऱ्या, उपकरणाचे १, ३ पासून पहिल्या सीरिअल बंदराच्या ४, ६४ पर्यंत प्रत्येक नोंद मिळे, आणि चालू कर्नलमध्ये खरोखर कोणते ड्रायव्हर हजर आहेत हे ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘डिव्हाइसेस’ फाइलीत वाचता येई. तरीही मॉडेम जोडू पाहणाऱ्या नवख्याची गाडी अडेच. जुनी टिपणे बाहेर फोन लावण्यासाठी ‘सीयूए’ मालिकेतील, म्हणजे ५, ६४ पासूनची, नावे सांगत. नवी टिपणे ती नावे त्याज्य ठरवून ‘टीटीवायएस’ मालिका, म्हणजे ४, ६४ पासूनची, सांगत. आणि दोन्ही प्रकारची टिपणे एकाच तबकडीवर शेजारी शेजारी असत. त्यानंतर आलेल्या स्वस्त अंतर्गत मॉडेमांनी गोंधळात भर घातली. ल्युसेंटच्या चिपवर चालणाऱ्या मॉडेमसाठी लिहिलेला ड्रायव्हर कॅरेक्टर ६२, ६४ या क्रमांकाची फाइल हाताने बनवण्यास सांगे, आणि अधिकृत यादीत ६० ते ६३ हे क्रमांक स्थानिक व प्रायोगिक वापरासाठी मोकळे सोडलेले होते. मोकळा क्रमांक कोणीही घ्यावा, म्हणून एका ड्रायव्हरसोबतच्या टिपणातील आज्ञा दुसरा प्रायोगिक ड्रायव्हर असलेल्या यंत्रावर भलत्याच उपकरणाकडे नेऊ शकत होती, आणि टिपण लिहिणाऱ्याला याची पूर्वकल्पना असणे शक्य नव्हते.

लिनक्सवरील ‘एमकेनोड’ ही जीएनयू प्रकल्पाच्या संचातील आज्ञा असल्यामुळे तिच्या पानाला आणखी एक मर्यादा पडली. जीएनयूच्या नियमांत मुख्य पुस्तिका टेक्सइन्फो या स्वरूपात असते आणि युनिक्सच्या परंपरेतील ‘मॅन’ पान दुय्यम मानले जाते. म्हणून हे पान आज्ञेच्या स्वतःच्या मदत-संदेशावरून ‘हेल्प-टू-मॅन’ या साधनाने आपोआप तयार होते, आणि अधिक माहितीसाठी वाचकाला दुसऱ्या पुस्तिकेकडे पाठवते. ती दुसरी पुस्तिका अधिक विस्तृत आहे खरी, पण ती वाचण्याचे साधन वेगळे, त्याच्या कळा वेगळ्या. शिवाय काही शेलांमध्ये (आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामांत) ‘एमकेनोड’ अंगभूतच असते आणि तिचे वर्तन पानातील वर्णनाशी जुळेलच असे नाही, अशी सूचना पानावरच द्यावी लागते. सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत अनेक पानांखाली ‘दोष’ असा मथळा असे आणि त्याखाली कर्ते आपल्या साधनातील उणिवा स्वतः लिहीत. यंत्राने तयार केलेल्या पानात लेखकाचा असा आवाज उरत नाही, आणि ही हानी किरकोळ मानता येणार नाही. याउलट बीएसडीतूनच निघालेल्या नेटबीएसडीने मेजर क्रमांकाच्या जागी ड्रायव्हरचे नाव लिहिण्याची सोय आज्ञेतच केली. आकडा लक्षात ठेवायचा नसेल तर त्याच्या दस्तऐवजाची गरज संपते, हा मार्ग सर्वांत सरळ होता; तो इतर शाखांनी उचलला नाही.

डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सची २.६ आवृत्ती आली आणि उपकरणक्रमांकाची रुंदी १६ बिटांवरून ३२ बिटांवर गेली : मेजरसाठी ८ ऐवजी १२, मायनरसाठी ८ ऐवजी २०. दोन्ही आकडे ० ते २५५ या मर्यादेत असतात, हे वाक्य त्या दिवशी चुकीचे ठरले, परंतु वर्गांत आणि छापील पुस्तकांत ते पुढेही शिकवले जात राहिले. त्याच वर्षी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘युडेव्ह’ पुढे आणले, जे उपकरण जोडले जाताच कर्नलकडून निरोप घेऊन त्याची फाइल स्वतः बनवते, आणि २००९ च्या २.६.३२ आवृत्तीतील ‘डेव्हटीएमपीएफएस’मुळे कर्नलच ‘डेव्ह’ निर्देशिका भरू लागला. फाइली हाताने बनवण्याचा काळ यामुळे सरला. दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम येथील प्रशिक्षणवर्गांतून बाहेर पडणाऱ्या आजच्या प्रणालीव्यवस्थापकाला ‘एमकेनोड’ चालवण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि म्हणून तिच्या पानाची सुधारणा करण्याची निकडही कोणाला भासत नाही.

मात्र आज्ञा निवृत्त झालेली नाही. लहान उपकरणांसाठी प्रणाली बांधताना, यंत्र सुरू होण्याच्या पहिल्या टप्प्यात आणि विलग केलेल्या निर्देशिकेत प्रणाली चालवताना ती अजून लागते. नोएडा आणि गुरुग्राम येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत रोजच्या वापरात असलेले डॉकर हे कंटेनर-साधन (कंटेनर म्हणजे प्रोग्राम इतरांपासून विलग चालवण्याची चौकट) तर प्रत्येक कंटेनरला उपकरण-फाइली बनवण्याचा अधिकार मुळातच देते, आणि बनवलेली फाइल उघडू द्यायची की नाही हे कर्नलच्या वेगळ्या नियंत्रणयंत्रणेवर सोपवते. याच कंटेनरांखाली असलेल्या ‘ओव्हरलेएफएस’ या थरांच्या फाइलव्यवस्थेत खालच्या थरातील एखादी फाइल काढून टाकली, तर तो थर केवळ वाचनासाठी असल्यामुळे ती प्रत्यक्ष पुसली जात नाही. वरच्या थरात त्याच नावाची एक कॅरेक्टर उपकरण-फाइल बनवली जाते, जिचे मेजर आणि मायनर दोन्ही क्रमांक शून्य असतात. अशा फाइलीमागे ड्रायव्हर नाही, यंत्र नाही; ० आणि ० या आकड्यांचा अर्थ ‘येथील फाइल काढलेली आहे’ एवढाच. या चिन्हाला ‘व्हाइटआउट’ म्हणतात, २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून ते बनवण्यासाठी उपकरण-फाइलीच्या विशेषाधिकाराचीही गरज उरलेली नाही, आणि त्याचे स्पष्टीकरण हवे असल्यास ते ‘एमकेनोड’च्या पानावर मिळत नाही, कर्नलच्या सोर्स कोडसोबत असलेल्या ओव्हरलेएफएसच्या टिपणात मिळते.